अख्खे नऊ वार

वडगावात वीज गेली की
गल्लीच्या गल्ली एकदम मुकी होते.
माग थांबतात, आणि मग कळतं
आपण इतका वेळ ओरडून बोलत होतो.

अशाच एका दुपारी तेजलनं विचारलं,
"मामा, द होल नाइन यार्ड्स म्हणजे काय हो?"
गुडघ्यावर वही, पेनाचं टोपण दातात,
सोमवारी फर्नांडिस टीचरची परीक्षा.

मी म्हटलं, "हे काय विचारणं झालं?
नाइन यार्ड्स म्हणजे नऊ वार.
तुझी आजी दुसरं काय विणत होती जन्मभर?"

"तसं नव्हे. त्याचा अर्थ सगळं.
सगळंच्या सगळं, मागं काही न ठेवता."

मग मी वेगळं काय सांगितलं?

तिनं वही पुढं ओढली आणि वाचायला लागली.
कुणी म्हणतं, लढाऊ विमानातला गोळ्यांचा पट्टा
नऊ वार लांब होता, शेवटच्या गोळीपर्यंत झाडला
की अख्खे नऊ वार.
कुणी म्हणतं, जहाजाच्या शिडांच्या आडव्या काठ्या.
कुणी म्हणतं, सिमेंट कालवत फिरणाऱ्या गाडीचं पोट.
कुणी म्हणतं, शिंपी. त्याचं कापड, त्याचा कोट.
खाली लाल शाईत टीचरचे अक्षर:
खरं काय, ते कुणालाच ठाऊक नाही.

पलीकडच्या मागावर शिवलिंगप्पा
तुटलेला धागा थुंकी लावून सांधत होता.
मान वर न करता म्हणाला,
"बापाचा पत्ता न्हाई, खरं पोर गावभर फिरतंय की."

माझी आई वार मोजायची
नाकाच्या शेंड्यापासून बोटाच्या टोकापर्यंत.
मान उजवीकडं वळवायची, पुन्हा सरळ,
पुन्हा उजवीकडं. नऊ वेळा.
लांबून बघणाऱ्याला वाटावं,
बाई कुणाला तरी नको नको म्हणतेय.

शहापूरच्या पेढीवर लोखंडी गज होता.
शेटजींचा वार आमच्या वारापेक्षा दोन बोटं मोठा.
नऊ वेळा दोन बोटं,
एका लुगड्यामागं अठरा बोटं फुकट.
आई भांडली नाही.
पुढच्या लुगड्यापासून ती नवावर
आणखी दोन वीत विणायला लागली,
आणि मोजणाऱ्याच्या तोंडाकडं बघत उभी राहायची.

नऊ वार कुठं जातात, हे नेसणारीला विचारावं.
कासोट्याला किती, निऱ्यांत किती,
ओच्यात किती: तिथं तंबाखूची चंची,
बैलहोंगलच्या बसचं तिकीट, घडी घातलेली दहाची नोट.
उरेल तो पदर.

"अजून एक आहे मामा," तेजल म्हणाली.
"अमेरिकेतल्या शंभर वर्षांमागच्या वर्तमानपत्रात
आधी सहाच वार होते. अख्खे सहा वार.
मग कुणी वाढवले, कधी वाढवले, कोण जाणे. नऊ झाले."

मी हसलो. शिवलिंगप्पाही हसला,
त्याला कितपत कळलं देव जाणे.
आम्ही त्याच वाटेनं उलटे आलो की.
आईच्या मागं नऊचा माग मोडला,
लाकूड पावसाळ्यात पाणी तापवायला गेलं.
आता साडेपाच वार, ब्लाउजपीस धरून सव्वासहा.
त्यांचं बोलण्यात वाढलं,
आमचं अंगावर आटलं.

शिवलिंगप्पाला मी त्याच्या बोलीत अर्थ सांगितला.
तो म्हणाला, "पूर्ती."
एवढंच. पूर्ती.
फर्नांडिस टीचरनं एका ओळीत संपवलं असतं
तर वहीचं पान वाचलं असतं.

"वाक्यात उपयोग करा," तेजल पुटपुटली
आणि पेन खाली न ठेवता लिहीत सुटली.
मग मला मराठीतून वाचून दाखवलं:
आजीनं लोकांना अख्खे नऊ वार दिले,
आणि वर दोन वीत.

"ते वीत खोड," मी म्हटलं, "मार्क जातील.
नऊ म्हणजेच सगळं ना? सगळ्याच्या वर काय असतंय?"

"खरं मामा, आजी तर..."

तेवढ्यात वीज आली.
चाळीस माग एकदम सुरू झाले.
तिचे ओठ हलताना दिसले,
पेन मात्र खोडायला वळलं नाही.