भाग ११२, अनुक्रमांक ४१७

मतदार यादीच्या कामाला मास्तरांना ऐन वैशाखात जुंपतात.
गावंडे बावीस घरं, राऊत अठरा,
वानखडे अख्खी एक गल्ली,
आणि नाल्याच्या अंगाला, बंद जिनाच्या भिंतीला टेकून
हादरले.
एक घर, एक मत.
तालुक्याच्या यादीत शोधलं, एकच.
जिल्ह्याच्या यादीत शोधलं,
पुन्हा तोच.

हादरले कवडू उकंडाजी, वय शहात्तर, पुरुष.
"बसा गुरुजी. इचारा. सारेच इचारतेत,
काय पाहून हादरले म्हनून.
माह्या लग्नाची पत्रिका वाचूनच हासले लोकं."

मग साठ वर्षं सांगून गुळगुळीत झालेलं त्यानं सांगितलं,
कुठे थांबायचं, कुठे थुंकायचं, सगळं ठरलेलं:
कापसाचा हंगाम, रातपाळी.
जिनातलं बायलर फाटलं.
देवळातली घंटा आपसूक वाजली,
विहिरीतलं पानी काठावर आलं,
"अन् सारं गाव हादरलं, गुरुजी.
माहा बाप तेवढा जागच्या जागी, हातात फावडं,
कोयसा टाकूनच रायला."
म्हटलं, म्हणजे जो हादरला नाही
त्याचंच आडनाव हादरले?
"तेच तं," तो म्हणाला,
आणि सुपारी फोडली.

उठता उठता पत्र्याच्या पेटीतून
एक कागद काढला, वाळवीनं कडेनं नक्षी केलेला.
जिनाचं पगारपत्रक. वळणदार इंग्रजी:
उकंडा, हॅदरलीचा पोऱ्या, महिना चार रुपये.
साहेब बायलर बसवायला आला होता,
दोन हंगाम राहिला, गेला.
उकंडाला मायबाप नव्हते. सरकीच्या ढिगावर सापडलेला.
कारकुनाला रकाना भरायचा होता.
मीही तेच काम करतो;
रकाना रिकामा दिसला की हात कसा शिवशिवतो
मला माहीत आहे.

मी विचारलं नाही. त्यानंच पापण्या ताणल्या:
"डोये कायेच हायेत. पाहून घ्या."

अमरावतीला लेकीच्या कॉलेजात गेलो तेव्हा
ग्रंथालयात एक जाड पुस्तक उघडलं.
हॅदरलीला अडीच ओळी.
तिकडेही फार नाहीत, म्हणे.
पहिल्या अर्ध्यात एक काटेरी झाड,
पांढऱ्या फुलांचं, धुऱ्यावर लावतात तसलं.
दुसऱ्या अर्ध्यात
रान तोडून केलेली मोकळी जागा.
कोणीतरी, केव्हातरी, काटे तोडून राहिला,
आणि लोक त्याला त्या जागेवरून हाक मारू लागले.

म्हणजे बाभूळगाव.
म्हणजे बोरखेडी.
आपल्या तालुक्यात असली सात गावं असतील.
एसटीत बसून मी एकटाच हसलो.

त्याला सांगितलं तेव्हा तो चुना चोळत होता,
चोळतच राहिला.
मागच्या बाभळीखाली बकऱ्या
शेंगांसाठी मागच्या पायांवर उभ्या होत्या.
तिकडे पाहत म्हणाला,
"इतकुसंच?"
मग बराच वेळानं,
"कोनाले सांगू नका. बायलरचंच राहू द्या.
पोरगी तळेगावले देल्ली, ते आता ढोक झाली.
माह्यामांगं हे नाव कोन वापरते?
तवरक तरी थोडा आवाज राहू द्या त्याच्यात."

फॉर्मला उगमाचा रकाना नाही,
अर्थाचाही नाही.
रात्री यादी संगणकात भरली.
त्यानं गावंडेखाली लाल रेघ ओढली,
वानखडेखाली ओढली,
राऊतालाही सोडलं नाही;
हादरले मात्र त्याला ओळखीचा शब्द वाटला.
मुकाट्यानं पुढे जाऊ दिलं.

पुढच्या वैशाखात पुन्हा जायचं आहे.
कवडूनं बजावलंय,
बायलरची गोष्ट अजून अर्धीच झाली.