इन केस

फोर्टातल्या त्या इमारतीत एकतीस वर्षं
माझ्या डोळ्यांसमोर एकच वाक्य होतं,
पितळी पट्टीवर, लाल अक्षरांत:
इन केस ऑफ फायर डू नॉट यूज लिफ्ट.
शेवटचं कळायचं, लिफ्ट म्हणजे मी.
फायर कळायचं, बंब येतो ते.
केसपाशी अडायचो.

वर तीन मजले सॉलिसिटर, खाली नोटरी,
तेव्हा मला वाटे, आगीवर केस चालू आहे
आणि निकाल लागेपर्यंत
लिफ्ट वापरायची नाही.
तरी सगळे वापरत होते.
मी म्हणे, स्टे मिळाला असेल.

चौथ्या मजल्यावर टायपिस्ट होत्या, मिस फुर्टाडो,
माझगावच्या. फ्रॉकला कडक इस्त्री,
पर्स मात्र भाजीच्या पिशवीएवढी.
त्या एकट्याच मला मिस्टर घाग म्हणायच्या,
म्हणून त्यांच्यासाठी मी जाळी जरा हळू ओढायचो.

एका मे महिन्यात तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये
लाइट गेली. आम्ही दोघं, आणि फायलींचा गठ्ठा.
त्यांनी पर्स चाचपली: मेणबत्ती, काडेपेटी,
ग्लुकोजची बिस्किटं, सेफ्टीपिनांचा झुपका,
एक चमचासुद्धा.
म्हटलं, बाई, हे सगळं रोज वागवता?
त्या म्हणाल्या, जस्ट इन केस.

वेळ होताच, विचारून घेतलं.
मेणबत्ती स्टुलाच्या कडेवर चिकटवून
त्या सांगत राहिल्या, त्यांच्या मराठीत:
'इफ म्हणजे दिवे गेले, मग मेणबत्ती आणाला धावले.
इन केस म्हणजे दिवे हायेत, तवाच पर्समधी घातली.'
म्हटलं, म्हणजे आमचं न जाणो.
तो शब्द त्यांनी दोनदा तोंडात घोळवला.
'तुमच्यात ठाऊक नाय म्हणून कबूल तरी करतात.
इंग्लिशमधी पेटीत घालतात. केस म्हणजे पेटी पण.'
मी इकडेतिकडे पाहिलं:
सागवानी पेटी, चार बाय चार, आत दोन माणसं.
खालून कुणी ओरडत होतं, आहे का कोण आत?
आम्ही जरा उशिरानं ओ दिली.

घरी बायकोला हे सगळं समजावलं. ती हसली.
तिच्या पदराच्या गाठीत कायम दहाची नोट,
अडीनडीला. तिला काय व्याकरण शिकवणार.
ती गाठ मीच सोडली, पुढे कधीतरी, केईएममध्ये,
खिडकीवरचा माणूस म्हणाला, केसपेपर, दहा रुपये.
नोट घडीवर फाटलेली होती.
त्यानं उजेडात धरून पाहिली, घेतली.

मिस फुर्टाडो रिटायर झाल्या त्या संध्याकाळी
लिफ्टमधून उतरताना चिठ्ठी दिली,
टाइप केलेली, घरचा फोन नंबर.
'इन केस,' एवढंच म्हणाल्या.
पुढचं वाक्य जाळीच्या खडखडाटात गेलं,
किंवा नव्हतंच.
चिठ्ठी मी चष्म्याच्या केसमध्ये ठेवली.
फोन कधी केला नाही.
तसा प्रसंगच आला नाही म्हणायचं,
नाहीतर रोजच येत होता.

आता नवी लिफ्ट बसलीय, बोलणारी.
माझं स्टूल लॉबीत आलं, मी सिक्युरिटीत.
एजन्सीचा पोरगा ओळखपत्राचा फॉर्म भरून घेत होता.
रक्तगट. उंची. मग एक रकाना,
इन केस ऑफ इमर्जन्सी.
'कुणाला कळवायचं, काका? लिहा कुणाचं तरी.'

धाकटा कतारला. थोरला बोलत नाही.
मी चष्मा घातला, केस उघडीच राहिली हातात.
पोरानं आकडे मोजले. सात.
'एक कमी पडतोय, काका. हा लागायचा नाही.'
मुंबईचे नंबर आठ आकडी होऊन किती वर्षं झाली
ते मला ठाऊक होतं.
पुढे दोन लावायचा, तेही.

म्हटलं, असू दे तसाच.