टाकीवरचा शब्द

छत्तीस हप्त्यांवर गाडी आणली.
हौसाआत्यानं चाकाखाली लिंबू ठेवलं, हँडलला कुंकू लावलं,
मग टाकीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं,
फोक सोलून सोलून चिरा पडलेलं बोट.
"काय लिवलंय रं?"
"अपाची."
"म्हंजे?"

शोरूमवाल्याला ते माहीत नव्हतं.
रातपाळीला, टॉवेलांच्या मागांच्या खडखडाटात
मी तीन रात्री मोबाईलवर वाचत गेलो
आणि तीन सकाळी तिला सांगत गेलो.
ती टोपलीचा बूड धरून बसलेली, पायाचा अंगठा बुडावर.

माणसं आहेत, आत्या. समुद्रापल्याड.
ऊन आपल्यासारखंच, मे महिन्यातल्या सोलापूरचं.
हे नाव त्यांचं नव्हेच, शेजाऱ्यांनी ठेवलेलं.
वैरी, असा अर्थ लावतात कोणी.
ते स्वतःला नुसतं माणसं म्हणतात.
"नावं ठिवणारे काय, सगळीकडंच," आत्या म्हणाली
आणि फोक पाण्यात बुडवला.

रुळाच्या कडेला घायपात वाढते बघ,
तिचा गड्डा ते काढायचे, डोक्याएवढा.
खड्ड्यात दगड तापवायचे, त्यावर गड्डे,
वर ओलं गवत, वर माती.
दोन दिवस, कधी तीन. गोड लागतं म्हणे, काकवीसारखं.
"आन् आमी मेली तिचे नुसते दोर वळले!"
किती वेळ ती त्याच्यावरच हळहळत होती.

पोर वयात आली की चार दिवस नाचायची,
उगवतीकडं तोंड करून.
कपाळाला पिवळे पराग लावायचे, आणि मोठी माणसं
तिच्यापुढं आशीर्वादाला उभी राहायची.
आत्या विणायची थांबली.
"मला पोत्यावर बसवलं हुतं. भिताडाकडं तोंड करून."

मग मी टोपल्यांचं सांगितलं.
पाठीवरची टोपली, कातड्याच्या झालरी,
झालरींना पत्र्याचे शंकू,
बाई चालली की किणकिण.
मोबाईल तिच्या डोळ्यांशी नेला.
ती चित्राकडं बघेना, विणीकडं बघत होती.
"हितं चुकलीया," म्हणाली. "न्हाई, थांब.
चुकली न्हाई. मुद्दाम केलंय तिनं."

तिसऱ्या सकाळी सांगायचं होतं ते सांगावंसं वाटेना.
तरी सांगितलं. त्यांनाही एका जागी आणून बसवलं.
गळ्यात पितळी बिल्ला, बिल्ल्यावर नंबर,
मोजणीच्या दिवशी रांगेत उभं राहायचं, मग रेशन.
पत्र्याचे शंकू बहुतेक त्याच डब्यांचे.

आत्या काहीच बोलली नाही.
कॉलनी नंबर तीनची गल्ली होती समोर,
नळाला पाणी आलेलं, घागरींची ओळ.
तिनं ओठ पुढं काढून ओठांनीच दाखवलं:
तिथं. तिथनं तार हुती. पार बाभळीपतूर.
(तेही असंच दाखवतात, आत्या. बोटानं नाही, ओठांनी.
हे मी बोललो नाही.)
"हजेरीला आई मला काखंत घिऊन हुबी ऱ्हायची.
तार तुटली तवा मी आठ वर्सांची.
दोन दिस कुणी भाईर पाऊल टाकंना.
पयला तुझा बा गेला पळत, तरवड आणाया,
माझा भाऊ..."

आणि थांबली.
पहिल्या दिवशीच मी तिला सांगितलं होतं,
ते गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत,
घेतलं तर त्याला परत फिरावं लागतं.
नाव तिच्या दातांशी आलं होतं. मला दिसलं.
तिनं ते गिळलं आणि फोक ओढला.

आता हँडलला एक टोपली आहे, ओंजळीएवढी.
गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून तिनं शंकू केलेत, सात.
एक जरा वाकडा.

परवा नाक्यावर हवालदारानं थांबवलं.
लायसन्स, कागद. राहायला कुठं?
सेटलमेंट, म्हणालो.
त्यानं कागद दुसऱ्यांदा बघायला घेतले,
नंबरप्लेट बघितली, पुन्हा तोंड बघितलं.
गाडी चालूच होती. इंजिनाच्या थरथरीनं
सातही शंकू वाजत होते.
"हे काय लावलंय?" त्यानं विचारलं.
मी ओठ पुढं काढून घराकडं दाखवलं.