दव सुकेपर्यंत

रूसे गावात, डॅन्यूबच्या काठी,
एक औषधांचं दुकान रात्रभर उघडं असतं.
खिडकीतली बाई मी. स्नेझाना.
लोकांना झोपेच्या गोळ्या मोजून देते
आणि स्वतः दिवसा डोळे मिटून
छताचे पोपडे मोजते.

घरून निघताना शेगडी बंद करते.
जिन्यात पाल चुकचुकते.
परत वर.
शेगडी बंदच असते, थंडगार,
माझी कीव करत.
पुन्हा जिना. पुन्हा पाल.

एलित्सा ट्रक चालवते, ऑस्ट्रियाच्या घाटात.
सहाला तिचा निरोप आला नाही
तर सहा वाजून चार मिनिटांनी
मी तिचा ट्रक दरीत ढकललेला असतो,
सव्वासहाला पोलीस दारात,
साडेसहाला ती लिहिते:
जेवतेय गं, नंतर बोलू.
वैऱ्यालाही एवढी सवड नसते
जेवढी माझ्या मनाला.

सव्वादोनला म्हातारा मेतोदी येतो,
रक्तदाब मोजायला म्हणून.
एकशेतीस, पंच्याऐंशी. कालचाच. परवाचाच.
पट्टा सोडला तरी हात मागे घेत नाही.
मीही घाई करत नाही.
मनगट खरखरीत, जुन्या दोरखंडासारखं.

चाळीस वर्षं त्याने मालाची गलबतं नेली या नदीवरून.
एकदा विचारलं, धुक्यात काय करायचात?
"काही नाही," म्हणाला,
"नांगर टाकायचा. घंटा वाजवायची, मिनिटाला एकदा.
मी इथे आहे, एवढंच सांगायचं.
धुक्याशी भांडून कोण पोचलंय?"

तेव्हापासून जिन्यात धस्स झालं
की मी कठड्यावर हात ठेवते.
लोखंड, म्हणते. गार.
तिसरी पायरी फुटकी.
खालच्या मजल्यावर कुणीतरी मिरच्या भाजतंय.
श्वास लांब सोडायचा,
गरम सूप फुंकतो तसा.
कधी जमतं.
मंगळवारी नाही जमलं,
मंगळवारी चार वेळा वर गेले
आणि पाचव्यांदा शेगडीचा फोटोच काढून आणला.
रात्रभर फोनमध्ये बघत होते,
लेकीचा बघावा तसा.

जूनमध्ये अख्ख्या गावाला लिपाच्या फुलांचा वास.
फिकट पिवळी, बोटभर देठांची,
रस्त्याच्या दोन्ही कडांना मधमाश्यांची गुणगुण,
आणि झाडाखाली पिशव्या घेऊन
बँकेतली माणसं, शिक्षिका, एक पाद्री.
आई ती कपाटावर वर्तमानपत्रात सुकवायची.
बातम्यांची शाई उठायची फुलांवर,
तीही आम्ही पीत असू.

माझ्या काउंटरखाली तोच डबा आहे.
घाबऱ्याघुबऱ्या कुणी आलं
तर चिठ्ठी वाचता वाचता कप पुढे करते.
हे औषध नाही, सांगते आधीच.
नुसतं गरम आहे,
निवेपर्यंत थांबावं लागतं.

काल सव्वादोन वाजले. मेतोदी नाही.
अडीच.
मी त्याच्या शवपेटीला खिळे ठोकायला घेतले.
काउंटर. लाकूड. गुळगुळीत.
फ्रिजची घरघर.
दोन चाळीस. लाकूड. लाकूडच.
नांगर तळाला लागेना.

पावणेतीनला काचेवर ठकठक.
मेतोदी, खांद्यावर शिडी.
"अहो, ही काय वेळ?"
"झोप येत नव्हती. म्हटलं, फुलं तोडू."
"दवात तोडलेली काळी पडतात, ठाऊक नाही?"
"ठाऊक आहे."

मग खोकल्याच्या औषधांच्या फडताळाला
शिडी टेकवून ठेवली
आणि दोन कप भरले.
बाहेर झाडं ओली, काळोखी, वासाने जड.
त्याने सवयीने बाही वर सारली.
मी पट्टा नाही बांधला.