तीन मीटर

अल घैलच्या मार्बल कारखान्यात
करवतीचा गाडा तीन मीटर पुढे जातो, तीन मीटर मागे येतो,
मिनिटाला एक फेरी.
रुळांवर चार ब्लॉक, ब्लॉकच्या पोटात पोलादी गोळ्या
रांगेनं, एकीमागे एक.

बेबीचन साहेब म्हणाले, यांचं आयुष्य काढून दे,
सुटे भाग मागवायचेत.
ग्रीसच्या बोटांनीच कॅटलॉग उघडला.
ब्लॉकची क्षमता अठ्ठावीस किलोन्यूटन, वाट्याचा भार दोन.
धक्के बसतात म्हणून धरला चार.
चार सत्ते अठ्ठावीस.
साताचा घन तीनशे त्रेचाळीस, गुणिले पन्नास:
सतरा हजार एकशे पन्नास किलोमीटर.
रोज वीस तास, वर्षाचे तीनशे दिवस,
म्हणजे आठ वर्षं. थोडी कमीच.

तीही शंभरातल्या नव्वदांची.
मुजावर सर आयटीआयला सांगायचे,
उरलेले दहा कोण, ते कोष्टकाला विचारू नका,
त्यालाही माहीत नसतं.

रात्री वरच्या बंकवर शेरझमान घोरत होता.
चाळा म्हणून मोजलं:
इथून मिरज, सरळ रेषेत, एकवीसशे सत्तर.
चार वेळा जाऊन येणं.
माझी रजा दोन वर्षांतून एकदा.
म्हणजे गाडा आणि मी
आठ वर्षांत सारखंच अंतर तोडणार,
तो तीन मीटरच्या बाहेर न पडता.

जूनमध्ये जाड लाद्यांची ऑर्डर आली,
त्याच गाड्यावर दुसरी करवत चढली.
भार दुप्पट, एवढंच ना, साहेब म्हणाले.
म्हटलं, भार दुप्पट झाला की आयुष्य निम्मं होत नाही,
आठवा हिस्सा होतं.
म्हणाले, ग्रीस जास्त मार.

मारलं. दर पाळीला मारतो.
दगडाची भुकटी त्यात मळली जाते,
ब्लॉकच्या ओठांवर कणकेसारखी सुकते,
खरवडून काढावी लागते.
शेरझमान जाता-येता गाड्याला उलटा हात लावतो,
पोराचा ताप बघावा तसा.
परवा म्हणाला, चौथा.
मला ऐकू आलं नव्हतं काहीच.

रजिस्टरमध्ये माझ्या अक्षरात आहे:
दोनशे अठ्ठ्याण्णव दिवस,
एकवीसशे चव्वेचाळीस किलोमीटर.
एकेरी.
तेही मिरजेच्या थोडं अलीकडेच.

आज दोनशे चौदावा.
ब्लॉकच्या मागणीचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे,
त्याच्यावर माझा रजेचा अर्ज,
आणि दोन्हींवर, उडू नये म्हणून,
संगमरवराचा एक तुकडा.