आंबट उग्र वास येत असलेले

पिंपळनेर सोडलं, आणि डोंगर जवळ आल्यावर
जावयाने गाडी आत घातली.
तारांवर चढवलेली द्राक्षं, कवायतीला उभी;
काचेची भिंत, झोके, निळा हौद,
पिपाला टेकून फोटो काढायला खास जागा.
पाच चवींचे साडेतीनशे, माणशी.
पाकीट मी काढलं नाही. जावयाने काढू दिलं नाही, असं म्हणू.

एकतीस वर्षं दारूबंदीच्या खात्यात जवान होतो,
नाकावर पगार कमावला.
एकच वाक्य होतं आमचं, कार्बन घालून लिहायचो:
आंबट उग्र वास येत असलेले मोहाचे रसायन,
अंदाजे दोनशे लिटर, पंचांसमक्ष जागीच नष्ट.
इथे एका मुलीने पेला तिरपा धरला, म्हणाली,
आधी नाकाने प्या, काका.

पहिल्यात तिला पेरू लागला. दुसऱ्यात हिरवी मिरची.
तिसऱ्यात, म्हणे, जुनं कातडं.
ते मलाही लागलं. रोज कमरेला बांधायचो.
बायकोने ओठ लावले आणि पेला परत ठेवला:
"हाई तं आंबट शे. मनं ताक बरं."
मग कळण्याच्या भाकरीचे रुपयाएवढे तुकडे आले,
वर थेंबभर भरीत, शेजारी चीज.
ती तुकडा उलटापालटा करून बघत राहिली,
आपल्याच घरातून चोरीला गेलेला सापडावा तसा.

थुंकायला पितळी भांडं होतं. जावई थुंकला, शिकलेला माणूस.
मला नाही जमलं.
छाप्यात आम्ही जिभेवर घ्यायचो, ओळख पटवायला,
आणि साहेबांची पाठ वळली की थुंकायचं राहून जायचं.

चौथी पांढरी. गोडसर, थंड.
नाक आत गेलं आणि पहाटेचे चार वाजले,
बॅटरीच्या उजेडात फुलं पडतायत,
एक, मग बऱ्याच वेळाने एक.
"मोह," मी म्हणालो.
तिच्या कागदावर मध आणि जर्दाळू होतं.
मॅनेजर लांब आहे हे बघून घेतलं तिने.
"मला पण तोच लागतो. पण सांगायचं नसतं."

रोशना वळवी, छातीवरची पाटी. गाव?
धामणपाडा.
नवापूरच्या वर. पूल नव्हता, चालत गेलो होतो.
साल आठवत नाही. मडकी आठवतात, सात.
काठीचा एक घाव, एक मडकं.
एक बाई ओरडली नाही, शिव्याही नाही,
खाली बसून भिजलेली फुलं सुपात भरत राहिली, बकऱ्यांसाठी.
सूप पंचनाम्यात आलं नाही.

"तुम्ही आले होते का तिकडं कधी?"
"नोकरीत फिरलो," मी म्हणालो, "सगळीकडे."
खोटं नव्हतं. जबाबात चालून गेलं असतं.

पाचवी लाल. तिने दोन बोटं जास्त ओतली.
का, ते विचारलं नाही. पेला तसाच ठेवून उठलो.

बाटली घ्यायची तर परवाना लागतो.
मला!
एका दिवसाचा, पाच रुपये, नाव, वय, पत्ता.
व्यवसाय, तिने विचारलं. निवृत्त, मी सांगितलं,
आणि ती पुढचं विचारेल म्हणून थांबलो.
तिने बोट ठेवून सहीची जागा दाखवली.
असा एक कागद, पाच रुपयांचा,
सातांपैकी किती मडक्यांना पुरला असता,
हिशोब मांडायला घेतला तोवर जावयाचा हॉर्न.

गाडीत कळलं, माझा तो पेला बायकोने संपवला.
"वाया कसाले जाऊ देऊ?"
आणि काचेला डोकं लावून झोपली.

बाटली माझ्या दोन पायांत उभी,
सील शाबूत.
कागद खिशात, रात्री बारापर्यंत चालणारा.
साक्री यायची होती अजून, आणि ऊन होतं.