अर्धी मात्रा उशीर

कातोवित्सेच्या त्या तळघरात उतरताना
मी पायऱ्या मोजल्या, एकोणीस.
पूर्वी अठरा होत्या, किंवा माझे गुडघे
खोटं बोलू लागलेत.

दारावर तुझं नाव, बोगुश,
खडूनं लिहिलेलं, शेवटचं अक्षर कुणाच्या तरी कोटानं पुसलेलं.
तिकीट फाडणाऱ्या मुलीला मी सांगितलं नाही
की या माणसाबरोबर मी नऊ वर्षं वाजवलंय,
की ट्रामच्या मागच्या डब्यात
आमचा डबल बास उभा असायचा
आणि कंडक्टर त्याचंही तिकीट मागायचा.

खांबाआड बसलो. बिअर मागवली.
डेपोतून तसाच आलो होतो.
साबण कितीही लावा, नखांत ग्रीसची रेघ उरतेच.

तू आलास. केस गेलेले, पोट सुटलेलं.
बसण्याआधी स्टूल तीनदा पुढेमागे केलंस,
तेवढंच पुरलं ओळखायला.
बासवर कुणी डॅनिश मुलगी होती.
चांगली होती. माझ्यापेक्षा चांगली,
हे लिहायला मला दोन दिवस लागले.

मग ते आलं,
खाणीच्या भोंग्यावरून तू रचलेलं,
रात्रपाळी सुटल्यावरचं.
चौथ्या ओळीच्या वळणावर
तुझा उजवा हात हवेत थांबला.
अर्धी मात्रा. त्याहून कमीच.
मुलगी वेळेवर आली होती. तू थांबलास.

कुणाला कळलं नाही. कळणार कसं?
त्या वळणावर मी नेहमी उशिरा यायचो,
करंगळी आखूड, तारेपर्यंत पोचता पोचता वेळ जायचा.
तू शिव्या द्यायचास. मग शिव्या सोडून
थांबायला लागलास.
एकतीस वर्षं झाली, बोगुश.
कोपनहेगनला, ओस्लोला, जिथे जिथे वाजवलंस
तिथे माझ्या करंगळीसाठी
एवढीशी फट ठेवत आलास?
की तुझ्या बोटांना सांगायचंच राहून गेलं
की मागे उभा असलेला आता मी नव्हे?

बास विकला तेव्हा तुला विचारलं नव्हतं.
अर्धे पैसे तुझे होते त्यात.
छप्पर गळतंय असं सगळ्यांना सांगितलं मी.
खरं म्हणजे मला मोटरसायकल हवी होती.
ती वर्षभरात चोरीला गेली.

मध्यंतरात तू सरळ खांबाकडेच आलास.
मी उठलो. पाठ केलेलं सगळं विसरलो
आणि पाकीट पुढे केलं.
तू नको म्हणशील असं वाटलं होतं.
तू नोटा मोजल्यास.
"शून्यं कुठे गेली?"
"सरकारनं खाल्ली. चार."
"आणि व्याज?"
मग माझा हात उलटा करून
घोडेवाला खूर पाहतो तशी करंगळी पाहिलीस.
"वितेक, अजून वाढली नाही ही."

रिशार्द गेल्याचं तुला माहीत नव्हतं.
आमचा ड्रमर, आणि बातमी मी द्यायची.
तू बराच वेळ टेबलाच्या कडेवर
अंगठ्यानं काहीतरी खरवडत राहिलास,
मग त्याच पाकिटातून एक नोट काढून
तीन ग्लास मागवलेस.
तिसरा कुणी प्यायला ते आठवत नाही.

शेवटची ट्राम चुकली.
जन्मभर ट्राम दुरुस्त करणारा मी
रुळांच्या कडेनं चालत घरी गेलो,
उणे सहा, कानटोपी तळघरातच राहिलेली,
आणि एका वळणावर, उगीच,
थोडा थांबलो.